दिवाळी अंकाचे काम एका ऑनलाइन तक्त्यावर कसे चालवावे

हौसेने किंवा एखाद्या संस्थेच्या वतीने दिवाळी अंक काढणारी मंडळी सहसा एका छपराखाली बसत नाहीत. संपादक पुण्यात, मांडणीकार सांगलीत, मुद्रितशोधन करणाऱ्या बाई नाशिकला, जाहिराती आणणारे दोघे ठाण्यात आणि एखादा सहसंपादक न्यू जर्सीत, अशी विखुरलेली टीम आपापला नोकरी-व्यवसाय सांभाळून रात्री आणि रविवारी हे काम करत असते. कष्टाला कोणीच कमी पडत नाही, तरी अंक रखडतो. कथा आली की नाही हे व्हॉट्सॲपवर एकाला माहीत असते, लेखकाने कळवलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या ईमेलमध्ये पडून असते, जाहिरातीचा आकार तिसऱ्याच्या वहीत असतो आणि अंक नेमका कुठवर आला आहे हे सांगू शकेल असे ठिकाण कुठेच नसते. फुकट मिळणारी ऑनलाइन साधने ही उणीव भरून काढू शकतात, मात्र त्याआधी टीमने एक करार करावा लागतो: कामाची स्थिती एकाच तक्त्यात नोंदली जाईल, ज्याने काम केले तोच ती नोंद करील, आणि जे तक्त्यात नाही ते झालेले नाही असेच धरले जाईल. व्हॉट्सॲपचा ग्रुप बंद करण्याची गरज नाही. बोलणे तिथे व्हावे, पण ठरलेली गोष्ट त्याच दिवशी तक्त्यात यावी.

या लेखात गूगलची साधने गृहीत धरली आहेत, कारण अँड्रॉइड फोनमुळे टीममधल्या जवळपास प्रत्येकाकडे त्यांचे खाते आधीपासून असते आणि नवीन काही उघडायला लावले की निम्मी माणसे तिथेच थांबतात. चेन्नईच्या झोहोची किंवा मायक्रोसॉफ्टची वेबवर चालणारी मोफत साधने वापरायची असल्यासही पुढचे बहुतेक सगळे लागू पडेल. ट्रेलोसारखे कार्डांचे फलक दिसायला छान असतात. पण दिवाळी अंकात पाने, पैसे आणि तारखा यांची सतत बेरीज-वजाबाकी करावी लागते, आणि ती सोय तक्त्यात आहे, म्हणून माझा कौल तक्त्यालाच आहे.

खाते कोणाचे, मालकी कोणाची

पहिले काम म्हणजे अंकाच्या नावाने एक स्वतंत्र खाते उघडणे. फुकट खात्यात संस्थेच्या मालकीचे सामाईक ड्राइव्ह मिळत नाही. प्रत्येक फाइल कोणा एका खात्याच्या मालकीची असते. ते खाते एखाद्या उत्साही सदस्याचे खासगी खाते असेल आणि तो पुढच्या वर्षी टीममध्ये नसेल, तर सगळे लेख, पत्ते आणि हिशेब त्याच्याबरोबर जातात. अंकाच्या खात्याचा पासवर्ड फक्त दोघांकडे असावा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय आणखी एका टप्प्याने ओळख पटवणे) सुरू करावे आणि पासवर्ड हरवल्यास उपयोगी पडणारा फोन क्रमांक चालू स्थितीत आहे याची वर्षातून एकदा खात्री करावी. इतर सर्वांना आपापल्या खात्यातूनच प्रवेश द्यावा. एकच पासवर्ड दहा जणांनी वापरला, तर कोणी काय बदलले हे कधीच कळत नाही, आणि या साधनांचा अर्धा उपयोग तर तेवढ्यासाठीच आहे.

प्रवेश देताना व्ह्यूअर, कॉमेंटर आणि एडिटर असे तीन दर्जे मिळतात. संपादक मंडळाला एडिटर, लेखकाला त्याच्या लेखापुरता कॉमेंटर आणि छापखान्याला अंतिम फाइलपुरता व्ह्यूअर, एवढी वाटणी पुरते. 'लिंक असलेला कोणीही बदल करू शकेल' हा पर्याय सोपा म्हणून निवडला जातो, पण ती लिंक एकदा मोठ्या ग्रुपमध्ये गेली की ती कोणाकोणाकडे पोहोचली याचा पत्ता लागत नाही. प्रत्येकाचा ईमेल पत्ता घालून प्रवेश देण्यात जाणारा अर्धा तास वाचवू नये.

मोफत जागा १५ जीबी असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो या तिन्हींत मिळून मोजली जाते. केवळ मजकुरासाठी ती भरपूर आहे. ती भरते चित्रांनी आणि मांडणीच्या मूळ फाइलींनी. म्हणून मांडणीच्या चालू फाइली मांडणीकाराच्या संगणकावरच राहू द्याव्यात आणि ड्राइव्हवर फक्त प्रूफांच्या पीडीएफ, मुखपृष्ठ आणि अंतिम चित्रे ठेवावीत.

मुख्य तक्ता

गूगल शीट्समध्ये एक फाइल करून तिच्या पहिल्या पानावर अंकातील प्रत्येक मजकुराला एक ओळ द्यावी. रकाने असे ठेवावेत: क्रमांक, प्रकार, शीर्षक, लेखक, जबाबदार व्यक्ती, अवस्था, पुढची तारीख, मजकुराची लिंक, शब्दसंख्या, अंदाजे पाने आणि शेरा. क्रमांकाला कमी लेखू नये. कथेला 'क-०७', लेखाला 'ले-१२', कवितेला 'का-०३' असा क्रमांक एकदा दिला की तोच मजकुराच्या गूगल डॉकच्या नावात, चित्राच्या फाइलीत, प्रूफात आणि मानधनाच्या यादीत वापरावा. शीर्षके शेवटपर्यंत बदलत राहतात. क्रमांक बदलत नाही, त्यामुळे चित्रकाराने पाठवलेले चित्र कोणत्या कथेचे, असा प्रश्न सप्टेंबरात पडत नाही.

जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात एकच नाव असावे. 'संपादक मंडळ' किंवा 'दोघे मिळून' असे लिहिलेली ओळ कोणाचीच नसते. लेख मागवणारा एक आणि संपादन करणारा दुसरा असेल, तर अवस्था बदलताना नावही बदलावे, म्हणजे त्या क्षणी काम कोणाच्या हातात आहे हे एका नजरेत दिसते.

अवस्थेचा रकाना हा तक्त्याचा प्राण आहे. इथे कोणालाही मनाने लिहू देऊ नये. एकजण 'आले' लिहितो, दुसरा 'आलं', तिसरा 'मिळाला', आणि मग किती मजकूर हाती आहे हे मोजायला गेल्यावर शीट तिघांना तीन वेगळ्या गोष्टी समजते. त्याऐवजी डेटा मेनूतील 'डेटा व्हॅलिडेशन' वापरून त्या रकान्यात ड्रॉपडाउन लावावा आणि त्यात मागवले, होकार आला, मजकूर आला, संपादन, लेखकाची मान्यता, मांडणी, पहिले प्रूफ, दुसरे प्रूफ, छपाईस तयार आणि यंदा नाही, इतकेच पर्याय ठेवावेत. शेवटचा पर्याय महत्त्वाचा आहे. नाकारलेला किंवा पुढे ढकललेला मजकूर खोडून टाकला, तर त्याच लेखकाला दुसरा सदस्य पुन्हा फोन करतो. ओळ राहिली आणि शेऱ्यात कारण राहिले, तर ते टळते.

तक्ता मोठा झाला की प्रत्येकाला आपल्यापुरत्या ओळी हव्या असतात. साधा फिल्टर लावला तर तो सगळ्यांनाच लागतो आणि बाकीच्यांना वाटते की कोणीतरी मजकूर पुसला. त्यासाठी 'फिल्टर व्ह्यू' वापरावा; तो ज्याने उघडला त्यालाच दिसतो. मुद्रितशोधकासाठी 'दोन्ही प्रूफे', मांडणीकारासाठी 'मांडणी' अशा नावांचे व्ह्यू आधीच करून ठेवले, तर तंत्राची फारशी सवय नसलेली माणसेही ते सहज वापरतात. शीर्षकाची ओळ गोठवावी, आणि सूत्रे असलेले रकाने 'प्रोटेक्ट रेंज' करून ठेवावेत, कारण मोबाइलवर बोट चुकून पडले तरी सूत्र पुसले जाते.

पानांचा हिशेबही इथेच करावा. गेल्या अंकाचे चित्राविना असलेले एक पूर्ण पान घेऊन त्यावरचे शब्द मोजावेत आणि ती संख्या एका घरात लिहावी. प्रत्येक मजकुराची शब्दसंख्या तिने भागून वर पूर्णांकात नेली की अंदाजे पाने मिळतात. जाहिराती, अनुक्रमणिका आणि संपादकीय धरून बेरीज किती होते हे जुलैपासून दिसत राहिले, तर १६ पानी फर्म्यांच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटांच्या) हिशेबात अंक बसवणे सोपे जाते. १६० पाने म्हणजे बरोबर १० फर्मे. १६५ पाने झाली, तर एकतर पाच पाने काढावी लागतात, नाहीतर आणखी फर्म्याचा खर्च पत्करावा लागतो. हा निर्णय मांडणी झाल्यावर घ्यावा लागणे फार क्लेशाचे असते, कारण तेव्हा कात्री कोणाच्या तरी स्वीकारलेल्या लेखाला लागते.

तारखा दिवाळीवरून उलट मोजाव्यात

गेल्या वर्षीच्या वेळापत्रकातले साल बदलून तेच पुढे वापरणे धोक्याचे आहे. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येते, म्हणजे सगळे वेळापत्रक १८ दिवसांनी सरकते. म्हणून 'वेळापत्रक' नावाचे वेगळे पान करून त्याच्या पहिल्या घरात लक्ष्मीपूजनाची तारीख लिहावी आणि बाकीच्या सर्व तारखा त्या घरातून दिवस वजा करून काढाव्यात. मजकूर मिळण्याची शेवटची तारीख १०० दिवस आधी धरली, तर २०२६ साठी ती ३१ जुलै येते. दुसरे प्रूफ ६० दिवस आधी म्हणजे ९ सप्टेंबर. फाइल छापखान्याला ३५ दिवस आधी म्हणजे ४ ऑक्टोबर. दुसरे प्रूफ १४ सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीच्या आत संपते, ही या मांडणीतली खरी सोय. गणपतीच्या दहा-अकरा दिवसांत महाराष्ट्रात कोणाकडूनही प्रूफ तपासून मिळेल अशी अपेक्षा धरू नये. गणपतीही अधिक महिन्याबरोबरच सरकत असल्यामुळे हे अंतर बहुतेक वर्षी जवळपास तसेच राहते. पुढच्या वर्षी एक घर बदलले की वेळापत्रक तयार.

इथे एक बारीक पण त्रासदायक गोष्ट आहे. नवी शीट केली की फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल (तारखा व आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते) 'इंडिया' आणि टाइम झोन भारताचा आहे ना, हे तपासावे. लोकेल अमेरिकेचे असेल, तर ५/९/२०२६ ही तारीख शीट ९ मे समजते, आणि २५/९/२०२६ ला पंचविसावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख न धरता नुसता मजकूर धरते. लक्षात येण्याची खूण अशी की खरी तारीख घरात उजवीकडे चिकटते आणि मजकूर समजली गेलेली डावीकडे. टीममधल्या सर्वांनी तारखा एकाच पद्धतीने आणि इंग्रजी आकड्यांत लिहाव्यात. छापील अंकात देवनागरी आकडे वापरणे वेगळे, तक्त्यात सूत्रे चालणे वेगळे.

तारखा नीट झाल्या की 'कंडिशनल फॉरमॅटिंग' लावून, पुढची तारीख आजच्या आधीची असलेली घरे लाल करावीत. 'छपाईस तयार' आणि 'यंदा नाही' या दोन अवस्थांच्या ओळींत पुढची तारीख रिकामी ठेवण्याचा नियम केला, म्हणजे लाल दिसेल ते खरोखरच अडलेले काम असेल. लाल ओळ दिसली की संपादकाने जबाबदार व्यक्तीला फोन करावा. ग्रुपमध्ये सर्वांसमोर आठवण करून देण्यापेक्षा ते अधिक सभ्य आहे आणि कामही लवकर होते.

मजकूर आणि त्याचे संपादन

प्रत्येक मजकुराचा स्वतंत्र गूगल डॉक असावा, त्याचे नाव क्रमांकाने सुरू व्हावे आणि त्याची लिंक तक्त्यात असावी. डॉकमध्ये मजकूर आल्याबरोबर, एक अक्षरही न बदलता, 'व्हर्जन हिस्टरी'मध्ये त्या अवस्थेला 'लेखकाचा मूळ मजकूर' असे नाव द्यावे. पुढे किती जणांनी हात फिरवला तरी त्या ठिकाणी परत जाता येते, आणि 'माझे हे वाक्य असे नव्हते' असे लेखकाने म्हटल्यास काही क्षणांत पाहता येते. लेखकाने मान्यता दिल्यावर दुसऱ्यांदा नाव द्यावे. या दोन नावांमुळे 'अंतिम', 'नवा अंतिम', 'खरा अंतिम' अशा फाइलींचा ढीग साचत नाही.

संपादन नेहमी 'सजेस्टिंग' पद्धतीने करावे. त्यात प्रत्येक बदल सूचना म्हणून दिसतो आणि तो पसंत आहे की नाही हे लेखकाला सूचनेखाली लिहिता येते; स्वीकारण्याचे किंवा नाकारण्याचे बटण मात्र एडिटरकडेच असते. कॉमेंटरचा प्रवेश असलेल्या लेखकालाही स्वतःच्या सूचना त्यात घालता येतात. शंका असेल तिथे शब्द निवडून टिप्पणी लिहावी, तीत '@' चिन्हानंतर संबंधित व्यक्तीचा ईमेल पत्ता द्यावा आणि 'असाइन' वर खूण करावी. त्या व्यक्तीला ईमेल जातो आणि प्रश्न सुटेपर्यंत टिप्पणी उघडी राहते. टिप्पणी उत्तर देता येईल अशीच लिहावी. 'हा परिच्छेद पाहावा' यातून काही निष्पन्न होत नाही. 'इथे आजोबा १९४८ साली वारले असे आहे, पण पुढच्या पानावर ते १९५२च्या निवडणुकीत मत देताना दिसतात. कोणते साल ठेवावे?' एवढे लिहिले, तर लेखक दोन मिनिटांत निर्णय देतो.

ज्येष्ठ लेखकांपैकी अनेक जण आजही कागदावर लिहितात, आणि त्यांना डॉक उघडायला लावणे हा आपला आग्रह नसावा. टीममधल्या एकाने त्यांचा मजकूर उतरवून घ्यावा. क्रोममधून डॉक उघडल्यास टूल्स मेनूतले 'व्हॉइस टायपिंग' मराठीत चालते. हस्तलिखित समोर ठेवून वाचत गेले की मजकूर उमटत जातो, विरामचिन्हे आणि जोडाक्षरे मागाहून हाताने नीट करावी लागतात. छापील कात्रण असेल, तर त्याचे स्वच्छ स्कॅन ड्राइव्हवर चढवून ते डॉक म्हणून उघडले की देवनागरी अक्षरे बऱ्यापैकी ओळखली जातात. व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे, नाहीतर तो लहान होऊन येतो.

जुन्या फाँटमधला मजकूर हा मराठी संपादकांना ठाऊक असलेला जुना जाच आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला लेख डॉकमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि मग 'ऱ्य' व 'ऱ्ह' असलेले शब्द न चुकता तपासावेत. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झालेले असते. शिवाय हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधताना एक टंकला तर दुसरा सापडेलच असे नाही, त्यामुळे 'शोधा आणि बदला' दोन्ही रूपांसाठी चालवावे लागते.

हे डॉक ठेवलेल्या फोल्डरमध्येच 'लेखनाचे नियम' नावाचा एक डॉक असावा. 'ऑफिस' की 'ऑफीस', साल आकड्यांत की अक्षरांत, अवतरणचिन्हे एकेरी की दुहेरी, कथेतल्या बोलीतले 'केलं' तसेच ठेवायचे आणि लेखांत 'केले' करायचे का, हे निर्णय तिथे तारखेसह लिहावेत. दोन मुद्रितशोधकांनी एकमेकांच्या दुरुस्त्या उलटवत बसण्यापेक्षा हा एक पानाचा डॉक कितीतरी मोलाचा आहे.

प्रूफांसाठी मांडणीकाराने पीडीएफ ड्राइव्हवर टाकावी आणि संगणकावर ती उघडून, चुकीच्या जागेवरच खूण करून टिप्पण्या द्याव्यात. पहिल्या आणि दुसऱ्या प्रूफाच्या फाइली वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे ज्या त्या फेरीच्या टिप्पण्या तिच्याबरोबर राहतात. दुरुस्ती केल्यावर टिप्पणी मांडणीकारानेच 'रिझॉल्व्ह' करावी. उघडी टिप्पणी शिल्लक असताना ओळीची अवस्था पुढे सरकवू नये.

पैसे आणि खासगी माहिती

जाहिरातींचे पान मुख्य फाइलीतच असावे: जाहिरातदार, आकार, जागा, रक्कम, जाहिरातीचा मजकूर आला का, बिल गेले का, पैसे जमा झाले का. आतल्या पानांचा हिशेब त्यावर अवलंबून असतो, म्हणून ते सर्वांना दिसलेच पाहिजे.

लेखकांच्या मानधनाचे मात्र तसे नाही. पत्ता, अल्प परिचय आणि बँकेचा तपशील गूगल फॉर्मने मागवावा, त्याची उत्तरे वेगळ्या शीटमध्ये जातील असे करावे आणि ती शीट खजिनदार व संपादक या दोघांनाच उघडता यावी. मुख्य फाइलीत एखादे पान लपवून त्यावर खाते क्रमांक ठेवणे सुरक्षित नाही, कारण लपवलेले पान कोणताही एडिटर पुन्हा उघडू शकतो. फॉर्ममध्ये फाइल चढवण्याचा प्रश्न घालू नये; त्यासाठी भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावे लागते आणि अनेक लेखक तिथेच अडकतात.

बैठका

आठवड्यातून एक ऑनलाइन बैठक पुरते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक माणसांच्या मोफत बैठकीला ६० मिनिटांची मर्यादा आहे, आणि तक्ता समोर उघडा ठेवून फक्त लाल ओळींवर बोलायचे ठरवले, तर एवढा वेळ उरतो. बैठक कॅलेंडरमधून निमंत्रण पाठवून ठरवावी. पुण्यात रात्रीचे ९ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे ११:३०. पण तिथले घड्याळ १ नोव्हेंबर २०२६ ला बदलल्यावर तेच १०:३० होतात, आणि हा फरक कॅलेंडर आपोआप सांभाळते. निर्णय एका चालू डॉकमध्ये तारीखवार लिहावेत, सर्वांत नवे वर.

अंक बाहेर पडल्यावर

भाऊबीज झाल्यानंतरच्या आठवड्यात, माणसे विखुरण्याआधी, फोल्डर आवरावे. अंतिम पीडीएफ, सर्व डॉक आणि शीट्स उतरवून घेऊन बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवावी. लेखकांचे, छापखान्याचे आणि टीममधून बाहेर पडणाऱ्यांचे प्रवेश काढून घ्यावेत. मानधन पूर्ण चुकते झाल्यावर बँक तपशिलांची शीट खजिनदाराने स्वतःकडे उतरवून ड्राइव्हवरून काढावी आणि ट्रॅशही रिकामा करावा, कारण तिथे फाइल ३० दिवस पडून असते. मुख्य तक्त्याची प्रत करून तिच्यातल्या ओळी पुसाव्यात. रकाने, ड्रॉपडाउन, व्ह्यू आणि सूत्रे तशीच ठेवून तिला पुढच्या सालाचे नाव द्यावे. 'यंदा नाही' म्हणून ठेवलेल्या ओळींपैकी ज्यांना पुढच्या वर्षी घ्यायचे कबूल केले आहे, त्या नव्या तक्त्यात उचलून टाकाव्यात आणि अवस्था 'होकार आला' करावी. सलग दोन वर्षे न वापरलेले मोफत खाते गूगल काढून टाकू शकते, म्हणून एखाद्या वर्षी अंक निघणार नसला तरी पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्या दोघांपैकी एकाने त्या खात्यात अधूनमधून जाऊन एखादी फाइल उघडावी.